दणका न बसलेली बशी

त्या दिवशी सकाळी साडेआठला मी एक बशी टाकून द्यायला निघाले होते. टाकण्याआधी तिच्यात रंग घालून बघायची मला खोड आहे. आई म्हणते, ही बाई चहाचा चोथासुद्धा दोनदा उकळल्याशिवाय टाकायची नाही. ती खोड नसती तर संध्याकाळी पाचच्या आत आमचा रिपोर्ट निमूट निघून गेला असता आणि सोमवारपासून माझा भाऊ तीस मीटरवर जाऊन उभा राहिला असता.

बशी म्हणजे काय ते आधी सांगते. मी एका प्रयोगशाळेत माणसाच्या पेशी वाढवते. तळहातावर मावेल एवढी चपटी, पारदर्शक, झाकणाची बशी असते. तिच्यात गुलाबी पाणी, पाण्यात पेशींना लागणारं खाणंपिणं, आणि तळाशी चिकटलेल्या पेशी. आमच्याकडे असतात त्या मेंदूतल्या. इन्क्युबेटरमध्ये, अंगाच्या उबेला, त्या हातपाय पसरतात आणि एकमेकींना धरून बसतात. दर दोन दिवसांनी पाणी बदला, बुडबुडा येऊ देऊ नका, गार हवा लागू देऊ नका. लोक पोरं वाढवतात, मी ह्या वाढवते. फरक एवढाच की ह्या उलटून बोलत नाहीत.

एवढ्या लाडाने वाढवायच्या आणि मग त्यांना दणका द्यायचा. शेजारच्या खोलीत एक लांबलचक पोलादी नळी आहे. तिच्या एका टोकाला हवा कोंडायची. मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो, दाब वाढला की तो फाटतो आणि कोंडलेली हवा दुसऱ्या टोकाकडे धाव घेते. तिच्यापुढे जी लाट येते ती शॉक वेव्ह. सुरुंग उडाला की जवळच्या माणसाच्या अंगातून जाते तीच ही, फक्त मापून दिलेली. नळीच्या तोंडाशी माझी बशी ठेवलेली असते.

प्रश्न साधा होता. एका खाणीचा खड्डा जसजसा खाली जातोय तसतसा अरुंद होतोय. सुरुंग उडवणारे साठ मीटरवर आडोशाला थांबतात, तो आडोसा तीस मीटरवर आणायचा कंपनीचा विचार होता. तीस मीटरवर पोचणाऱ्या लाटेने मेंदूच्या पेशी मरतात का, ते आम्ही सांगायचं. आम्ही तीन महिने रोज दोन बशा घेतल्या. एकीला आठ दणके, आणि एक तुलनेला, दणका न देता ठेवलेली. मग रंग घालून मेलेल्या मोजायच्या. दणका बसलेल्या बशीत शंभरातल्या अठरा मेलेल्या निघायच्या आणि न बसलेल्या बशीत सोळा-सतरा. म्हणजे फरक नाही, म्हणजे लाट निर्दोष. प्रयोगशाळेच्या प्रमुख, आमच्या मॅडम, त्यांनी रिपोर्टात तसं लिहिलं होतं आणि माझी सही कालच झाली होती.

दादा त्याच खाणीत सुरुंग उडवतो. दिवसाला आठ बार, अठरा वर्षं झाली. हे मी मॅडमना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "मग तर तुम्ही जास्तच काळजीनं मोजाल," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. दादाला तर कोण अभिमान. त्याने सगळ्या गड्यांना सांगून ठेवलं होतं, माझी बहीण तपासतेय, बुटकी चालेल म्हणाली की चालेल. बुटकी म्हणजे मी. मायक्रोस्कोपला डोळा लावायला मला अजून पायाखाली लाकडी पाट लागतो.

वर्षभरात दादा बदलला होता. मुलीला शाळेतून आणायला निघाला आणि पाऊण तास भलत्याच गल्लीत फिरला. कानात सतत शिट्टी वाजते म्हणायचा. वाक्याच्या मध्येच थांबायचा आणि आपण काय बोलत होतो ते आमच्याकडे बघून विचारायचा. आणि राग. पाण्याचा पेला चुकीच्या हाताला ठेवला म्हणून लेकीवर असा ओरडला की पोर चार दिवस त्याच्यासमोर पाणी प्यायली नाही. वहिनी रडल्या. आईने मात्र निकाल देऊन टाकला. "खाण तशी माती. बाप तस्साच होता. ताट भिरकवायचा, रस्ता चुकायचा, तास-तास भिंतीकडे बघत बसायचा. रक्तातच आहे ते, कुणी काय करायचं?"

मलाही ते पटलं होतं. लहानपणी बाबा घरात शिरले की मी पलंगाखाली शिरायचे. दादा त्यांच्यावर गेला, मी आईवर गेले, हा हिशेब मी कधीच करून टाकला होता.

तर ती बशी. शेवटच्या प्रयोगासाठी काढलेल्या बशांतली एक जादाची बशी इन्क्युबेटरच्या खालच्या फळीवर मागे राहून गेली होती. दणक्याच्या खोलीत गेलीच नव्हती. वेंधळेपणा माझाच. कामाला येणार नव्हती म्हणून फेकायला काढली, रंग घातला, पाटावर चढले आणि डोळा लावला. हा निळा रंग मेलेली पेशीच पिते, जिवंत पेशी त्याला दारात उभं करत नाही.

निळं फार थोडं दिसलं. मी मोजलं. शंभरात चार.

परत मोजलं, जागा बदलून मोजलं. पाचशे पेशींत एकवीस मेलेल्या. दणका न देता ठेवलेल्या बशीत तीन महिने सोळा-सतरा मेलेल्या निघत होत्या आणि आम्ही दोघी म्हणत होतो, जातीच्याच नाजूक पेशी ह्या, बाहेर काढलं की मरणारच. मग ही घरात राहिलेली बशी कशी टुणटुणीत होती?

मी वही काढली आणि अगदी पहिल्या पानापासून बघत आले. पहिल्या चार दिवसांत, नळीचा दाब अजून जुळवत होतो आणि ते दिवस रिपोर्टात धरले नव्हते तेव्हा, तुलनेच्या बशीतले आकडे होते सहा, पाच, सहा, सात. पाचव्या दिवशी एकदम पंधरा. समासात माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'नवी बॅच. जरा नाजूक दिसते.' आणि त्याच पानावर खाली, 'टेबल हलत होतं, मामांकडून पक्कं करून घेतलं.'

वाचलं आणि मी तिथेच खाली पाटावर बसले.

सांगायलाच हवं, कारण चूक माझी होती आणि ती माझ्या शहाणपणातून झाली होती. तुलनेची बशी दणक्याच्या खोलीतच ठेवायची, हा आग्रह माझा. तीच हवा, तीच थंडी, तेवढाच वेळ बाहेर, म्हणजे तुलना चोख. ती बशी नळीशेजारच्या लोखंडी टेबलावर ठेवायचे. टेबल डगमगायचं, पाणी हिंदकळायचं, म्हणून पाचव्या दिवशी मीच मामांच्या मागे लागले आणि त्यांनी ते टेबल चार बोल्ट मारून नळीच्या सांगाड्यालाच आवळून टाकलं. मी त्यांना शाबासकीसुद्धा दिली. तेव्हापासून नळीला बसणारा प्रत्येक हादरा सांगाड्यातून टेबलात आणि टेबलातून माझ्या त्या 'दणका न बसलेल्या' बशीत जात होता. दणका बसलेल्याची तुलना आम्ही दणका बसलेल्याशीच करत होतो आणि फरक नाही म्हणून सह्या करत होतो.

मामा म्हणजे नळी चालवणारे. साठीचे आहेत, कोणाचे सख्खे मामा नाहीत, पण सगळी इमारत त्यांना मामाच म्हणते. एका कानाने कमी ऐकतात आणि त्या कानाची सबब सोयीने पुढे करतात. मी पाण्याचा काचेचा पेला काठोकाठ भरला आणि त्यांच्याकडे गेले.

"मामा, एक बार काढा. बशी नको. फक्त हा पेला टेबलावर राहू दे."

"पेल्याची परीक्षा?"

"माझी."

त्यांनी पेला लोखंडी टेबलावर ठेवला, आम्ही भिंतीमागच्या काचेशी उभे राहिलो आणि मामांनी तीन बोटं दाखवून मोजलं. पडदा फाटला. पेल्यातलं पाणी काठावरून उसळून सांडलं आणि पेला बोटभर सरकला. मामा पेल्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बोल्ट मी मारले."

"मी मारायला लावले."

"मग मॅडमकडे दोघं जाऊ."

"तुम्ही थांबा. आधी मलाच खाऊ देत."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या टेबलावर रिपोर्ट बांधून तयार होता, वर माझी नि त्यांची सही. दुसऱ्या दिवशी दहा वाजता खाण-सुरक्षा समितीची बैठक आणि आज पाचच्या आत रिपोर्ट पोचायला हवा. त्यांनी चष्मा काढून ठेवला. चष्मा काढला की मॅडम रागावल्यात असं समजायचं.

"एक विसरलेली बशी," त्या म्हणाल्या. "एका बशीवर तीन महिने फेकून देऊ?"

"पहिले चार दिवसही आहेत. टेबल पक्कं करण्याआधीचे."

"तुमची ती बशी बाहेर आलीच नाही. तिला थंडी लागली नाही. मरणार कशाला? आणि पहिल्या चार दिवसांची बॅच वेगळी होती. हे मी नाही, वहीत तुम्हीच लिहिलंय."

त्यांचं बरोबर होतं. मग त्या हळूच म्हणाल्या, आणि ते मला फार लागलं, "आज शेवटच्या दिवशी तुम्हाला हे दिसलं. भावाचं नाव मध्ये आहे. तुमच्या जागी मी असते तर मलाही दिसलं असतं."

मला राग आला. आला म्हणजे कानशिलं तापली. पण रागात एक गोष्ट सुचली आणि ती मी बोलून टाकली. "मग मला कळूच देऊ नका कुठली बशी कुठली. आज तीन बशा करू, एकाच बॅचच्या. एक नळीच्या तोंडाशी, एक लोखंडी टेबलावर, आणि एक बाहेर काढलेली, तेवढाच वेळ, तेवढ्याच थंडीत, पण त्या खोलीत नाही. इथे. तुमच्या ह्या लाकडी टेबलावर, तुमच्या डोळ्यांसमोर. मामा चिठ्ठ्या झाकतील. मी मोजेन, तुम्हीही मोजा."

मॅडमनी घड्याळ बघितलं. साडेनऊ झाले होते. दणक्यानंतर पेशी मरायला वेळ लागतो, निदान पाच तास. दहाला सुरू केलं तर पावणेअकराला संपेल, पावणेचारला रंग, साडेचारला आकडे. त्यांनी चष्मा परत लावला.

"थंडीचं काय? माझी खोली गरम असते."

"खिडक्या उघडा."

त्यांनी उघडल्या. पाऊण तास मॅडम शाल पांघरून माझ्या बशीसमोर बसून होत्या. बशीला हात लावायचा नाही, टेबलावर काही आपटायचं नाही, फोनसुद्धा त्यांनी मांडीवर ठेवला.

तिकडे आम्ही आठ बार काढले. प्रत्येकानंतर पाच मिनिटं. एरवी माझं लक्ष नळीच्या तोंडाशी असायचं, त्या दिवशी ते दुसऱ्या बशीवरून हललं नाही. प्रत्येक बाराला तिच्यातलं गुलाबी पाणी थरथरायचं, आणि ते मी तीन महिने बघितलं नव्हतं. आठव्यानंतर मामांनी तिन्ही बशांवरच्या चिठ्ठ्यांवर कागद डकवला, कागदांवर क, ख, ग लिहिलं आणि कोणती कोणाची ते लिहून कागदाची घडी शर्टाच्या खिशात घातली. खिशाला बटण होतं, ते लावलं. तिन्ही बशा इन्क्युबेटरमध्ये गेल्या.

आणि मग नुसतं थांबणं. माझ्यासारख्या बाईला त्यापेक्षा मोठी शिक्षा नाही. मी फळ्या पुसल्या, बाटल्या ओळीत लावल्या, ओळ आवडली नाही म्हणून परत लावल्या. मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होतं, देवा, चूक निघू दे, दादा वाचेल. दुसरं म्हणत होतं, चूक निघू नको दे, तीन महिने मी डोळे मिटून मोजलं हे कुठे तोंड दाखवून सांगू? दुसरं काही कमी मोठ्याने ओरडत नव्हतं. लाज वाटते, पण होतं तसं सांगते.

एक वाजता वहिनींचा फोन आला.

"ताई, कामात आहात का?"

"बोला ना वहिनी."

"हे कंपनीच्या डॉक्टरकडे जाऊन आले. फॉर्म दिलाय भरून आणायला. डॉक्टर म्हणाले, वडिलांनाही असंच होतं ना, मग हे घराण्यातलंच, कामाचा काही संबंध नाही, तुम्ही फिट आहात. उद्या सकाळी फॉर्म दिला की सोमवारपासून नव्या आडोशाला पहिले हेच." त्या थांबल्या. "आज सकाळी किटली ठेवली गॅसवर, पाणी न घालता. उभे राहून बघत होते. जळका वास सुटला तरी बघत होते. तुमच्या मशीनचं काय आलं ते सांगा ना. तुम्ही चालेल म्हणालात तर मी गप्प बसेन."

कालची सही डोळ्यांसमोर आली. "संध्याकाळी घरी येते," मी म्हणाले. "फॉर्म कोणाकडे देऊ नका तोवर."

पावणेचारला रंग घातला. चारला मी पाटावर चढले. मामा दाराशी खुर्ची टाकून बसले, खिशावर हात ठेवून. मॅडम माझ्या शेजारी, त्यांच्या हातात मोजायचं यंत्र, बटण दाबलं की आकडा पुढे जातो ते. ठरलं असं की मी आधी मोजायचं, आकडा कागदावर लिहून उलटा ठेवायचा, मग त्यांनी मोजायचं.

ख आधी हाताला आली. निळं, निळं, आणखी निळं. पाचशेत ब्याण्णव. मी लिहिलं. ही नळीची असावी असं वाटलं, आणि वाटलं ते मुद्दाम पुसलं, कारण वाटणं हाच माझा आजार ठरणार होता. मग क. तिच्यातही निळं. पहिल्या शंभरातच पंधरा झाल्या. ही जर मॅडमच्या टेबलावरची असेल तर सगळं संपलं. तर थंडीनेच मरत होत्या, तर मॅडम खऱ्या, मी भावाच्या मायेने खुळावलेली, आणि सोमवार ठरलेला. पाचशेत सत्त्याऐंशी.

ग उरली होती. सगळा निकाल त्या एका बशीत होता. मी डोळा लावायच्या आधी खाली बघितलं तर मॅडमचा अंगठा बटणावर टेकलेला होता आणि नख पांढरं पडलं होतं. त्यांनाही भीती होती. ते बघून मला थोडा धीर आला.

मी डोळा लावला. गुलाबी पाण्यात हातपाय पसरलेल्या, एकमेकींना धरून बसलेल्या पेशी. निळी एक, मग बऱ्याच वेळाने दुसरी. मी घाई केली नाही. पाचशे पूर्ण केल्या, आकडा लिहिला, कागद उलटा ठेवला आणि बाजूला झाले. मॅडमनी तिन्ही मोजल्या. त्यांच्या बटणाचा टकटक आवाज खोलीत येत राहिला. पहिल्या दोन बशांना भरभर, तिसरीला तुरळक.

"कागद," त्या म्हणाल्या.

आमच्या आकड्यांत दोन-तीनाचाच फरक होता. मामांनी बटण काढलं, घडी उलगडली आणि त्यांच्या बऱ्या कानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचलं. "ख, नळी. क, लोखंडी टेबल. ग, मॅडमची खोली."

शंभरात अठरा, सतरा आणि चार.

मॅडमनी बांधलेला रिपोर्ट उघडला, शेवटचं पान सोडवलं आणि हाताने लिहायला बसल्या. चार चाळीस झाले होते. 'तुलनेच्या बशांनाही हादरा पोचत होता. त्यामुळे फरक नाही हा निष्कर्ष मागे घेत आहोत. तीस मीटर सुरक्षित आहे असं आम्ही म्हणू शकत नाही. आजच्या तीन बशा पाहता नाही असंच वाटतं, खात्रीसाठी सगळं पुन्हा करावं लागेल.' त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं. मी खाली लिहिलं की टेबल पक्कं करून घेणारी मी. मामा म्हणाले, बोल्टवाल्याचंही नाव टाका. टाकलं. चार त्रेपन्नला रिपोर्ट गेला. मॅडम खिडक्या लावायला उठल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "सकाळी मी बोलले ते मागे घेते." मी म्हटलं, "नका घेऊ. त्यामुळेच सुचलं."

मी दादाकडे पोचले तेव्हा साडेसहा झाले होते. फॉर्म जेवणाच्या टेबलावर, वर पेन. वहिनी लेकीचा अभ्यास घेत होत्या. आई खिडकीशी खुर्चीत. दादाने मला बघून हसून म्हटलं, "काय बुटके? चालेल ना?"

"नाही चालणार. आडोसा जागचा हलणार नाही. निदान आत्ता तरी. रिपोर्ट तसा गेलाय."

त्याचं हसू गेलं. "तीन महिने तर फरक नाही म्हणत होतीस."

मी सगळं सांगितलं. टेबल, बोल्ट, पेला, तीन बशा. शास्त्र नाही, नुसतं झालं तसं. "चूक पेशी मोजण्यात नव्हती, दादा. ज्या बशीशी तुलना करत होते तिलाच दणके बसलेले होते. मी तिला निरोगी समजत होते."

बोलता बोलता माझी नजर फॉर्मवर गेली. 'घरात पूर्वी कोणाला असा त्रास होता का?' आणि पुढे दादाचं वाकडंतिकडं अक्षर. 'होय. वडिलांना.'

बाबा त्याच खाणीत एकतीस वर्षं बार उडवत होते. तेव्हा तर आडोसाही नव्हता, मोठ्या दगडामागे बसायचे. मी दिवसभर लोखंडी टेबलावरच्या बशीच्या नावाने बोटं मोडत होते, आणि तसलीच एक बशी माझ्या घरात होती, बाबा. आम्ही सगळ्यांनी दादाला तिच्याशी ताडून बघितलं आणि फरक नाही म्हटलं.

"आई," मी विचारलं, "लग्न झालं तेव्हा बाबा कसे होते?"

"कसे म्हणजे?"

"चिडके होते?"

आई विचारात पडली. इतका वेळ तिने कधी कुठल्या उत्तराला घेतला नाही. "नाही," ती म्हणाली. "तेव्हा घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान नव्हतं, घरीच. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरायचे, हात कधी हलायचा नाही. मी बडबडायचे आणि ते ऐकायचे. कोणाचं घड्याळ कधी दिलं, काय बिघडलं होतं, सगळं तोंडपाठ. तीन वर्षं मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नाही. मग हा दोन वर्षांचा झाला, घड्याळांवर भागेना, आणि ते खाणीत लागले."

आम्ही तिला पुढची वर्षं मनात मोजू दिली. मग आई म्हणाली, "म्हणजे तो स्वभाव नव्हता."

"माहीत नाही आई. आता कळायला मार्ग नाही. पण स्वभाव होता असंही म्हणता येत नाही."

"मग मी तीस वर्षं भांडले कोणाशी?"

मी पलंगाखाली शिरायचे ते मला आठवलं, आणि मी रडले. लपवलं नाही.

दादाने फॉर्म पुढे ओढला. "हे खोडलं तर मला बार उडवू देणार नाहीत," तो म्हणाला. "वजनकाट्यावर बसवतील. ट्रक मोजत बसायचं."

"बस," आई म्हणाली. "ट्रक मोज. घरी ये. मी तुला सांगते तसं लिही."

त्याने वहिनींकडे बघितलं. वहिनींनी पेन उचलून त्याच्या हातात दिलं. त्याने 'होय' वर रेघ मारली. आई सांगत गेली, तो लिहीत गेला. फार वेळ लागला. लिहून झाल्यावर आई म्हणाली, वाचून दाखव.

"'वडिलांना जन्मापासून हा त्रास नव्हता,'" दादाने वाचलं. "'ते घड्याळं दुरुस्त करीत. खाणीत लागल्यावर...'"

तो थांबला. त्याचे डोळे कागदावर इकडून तिकडे फिरले आणि मग त्याने आमच्याकडे बघितलं, आपण काय वाचत होतो ते विचारल्यासारखं. ओळ हरवली होती. एरवी अशा वेळी आई म्हणायची, बापासारखाच. त्या दिवशी ती उठली, त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि कागदावर ज्या शब्दापाशी तो थांबला होता तिथे तिने बोट ठेवलं.

"इथून," ती म्हणाली.